तळी नवी, माळ जुना

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या समितीचे दोन सभासद संध्याकाळी घरी आले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांनी एक कागद पुढे केला. सोसायटीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला लागून, दीडेक एकराचा एक मोकळा तुकडा आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत होतं, दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात नुसती मुरमाड जमीन आणि दगड उरतात. तिथे पक्षी उद्यान करायचं ठरत होतं. मधोमध सिमेंटचं छोटं तळं, भोवती झाडं, बसायला बाकं. "सर, तुम्ही पक्षी बघता, इतिहास शिकवलाय. तुमची पहिली सही हवी," ते म्हणाले. "पडीक जागेचं सोनं होईल."

मी कागद ठेवून घेतला. दोन दिवसांची मुदत मागितली. खरं तर हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. झाडं लावू नका, असं कोण म्हणेल? तरीही माझ्या मनात काहीतरी अडलं होतं. मला ते नीट सांगता येत नव्हतं, म्हणून मी ठरवलं की रविवारचा आख्खा दिवस पक्षी बघण्यात घालवायचा, आणि तोही जरा वेगळ्या पद्धतीनं. पुण्यातली पाण्याची जुनी ठिकाणं एकामागून एक बघायची आणि सही करायची की नाही, ते संध्याकाळी ठरवायचं.

बरोबर माझी नात आली. ती कॉलेजात आहे. तिच्याकडे दुचाकी आहे, चांगला कॅमेरा आहे आणि मोबाइलमध्ये पक्ष्यांची यादी ठेवायची सोय आहे. माझ्याकडे जुनी दुर्बीण, वही आणि खिशात तो कागद.

निघायच्या आधी आम्ही पहाटे त्या मोकळ्या तुकड्यावर एक फेरी मारली. धुकं होतं. तित्तर ओरडत होता, टिटवीनं आम्हाला बघून नेहमीचा कांगावा केला. एका बाभळीच्या फांदीवर खाटीक बसला होता. नात म्हणाली, "आजोबा, इथे फार काही नाही. चला, तलावावर जाऊ." तिचं म्हणणं चूक नव्हतं. पक्षी बघायला जायचं म्हणजे पाण्यावर जायचं, हे आपण सगळ्यांनीच धरून ठेवलेलं आहे.

धायरीहून खडकवासला हाकेच्या अंतरावर. रविवारी सकाळी दहानंतर सिंहगड रस्त्यावर जायची सोय नसते. उड्डाणपूल झाले तरी गडावर जाणारी आणि चौपाटीवर कणसं-भजी खायला जाणारी गर्दी काही कमी झालेली नाही. आम्ही सातच्या आत पोचलो. पाण्यावर वाफ होती. काठाच्या दगडांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. नदी सुरय पाण्यावरून येरझाऱ्या घालत होते. दूरवर चक्रवाकांची एक जोडी दिसली. हे केशरी रंगाचे बदक हिवाळ्यात हिमालयापलीकडून येतात. धोबी शेपटी वरखाली करत काठावर धावत होते. नातीची यादी भराभर वाढली. अर्ध्या तासात 22 जाती झाल्या.

मी तिला विचारलं, "दीडशे वर्षांपूर्वी आपण इथे उभे असतो तर यातलं काय दिसलं असतं?"

खडकवासल्याचं दगडी धरण 1879 साली पुरं झालं. कर्नल फाइफ या लष्करी इंजिनिअरनं त्याची आखणी केली, म्हणून इंग्रज या जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणत. पुणे शहराला आणि छावणीला प्यायला पाणी आणि कालव्यानं शेतीला पाणी हा हेतू. त्याचा उजवा कालवा आमच्या भागातून जातो, पर्वतीच्या पायथ्याशी वळतो आणि हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरकडे निघतो. पुढे तरुण विश्वेश्वरय्यांनी शोधून काढलेले आपोआप उघडणारे दरवाजे 1903 साली याच धरणाला बसवले गेले. आणि 12 जुलै 1961 ला पानशेतचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण फुटलं, तेव्हा त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही फोडलं. पुण्यात त्या दिवशी काय झालं, ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेलच.

हा इतिहास आपण पाण्याचा म्हणून सांगतो. पक्ष्यांच्या बाजूनं तो वेगळा दिसतो. 1879 च्या आधी इथे मुठेचं पात्र होतं, डोह होते, दोन्ही तीरांवर शेतं आणि माळ होता. एवढं अफाट उभं पाणी नव्हतं. खोल पाण्यात बुड्या मारणारे पाणकावळे, मोठ्या जलाशयावर उतरणारे बदकांचे थवे यांच्यासाठी धरण ही नवी वसाहत ठरली. माणूस जसा पेठेतून सिंहगड रस्त्यावर राहायला आला, तसेच हेही आले. मात्र आपल्यापेक्षा बरेच आधी.

तिथून नवले पुलावरून कात्रजला. कात्रजचं तळं त्याहून जुनं. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या ओढ्यावर बांध घातले गेले आणि ते पाणी दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेण्यात आलं. नळ जमिनीखालून, माणूस आत उतरू शकेल एवढा. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधलेले, म्हणजे हवा खेळती राहावी आणि साफसफाईला आत जाता यावं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर पाणी चालत गेलं. शहर वाढल्यावर घराघरात नळ आले, पेठांतले हौद बुजले, काहींची नुसती नावं चौकांना उरली.

कात्रजच्या तळ्यावर जलपर्णीचे हिरवे गालिचे होते आणि त्यावरून जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटांनी तोल सांभाळत चालत होत्या. वारकरी होते, टिबुकल्या होत्या. टिबुकली म्हणजे अंड्याएवढ्या पोटाचा तो पक्षी, जो बघता बघता बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. वंचक काठाला ध्यान लावून बसला होता. नात खूष होती. मी मात्र त्या वंचकापाशी थबकलो, कारण त्याच्या नावाशी पुण्याच्या इतिहासाची एक गाठ आहे, आणि ती तिला सांगायची राहिली होती.

वंचक हा बगळ्याच्या जातीतला, आपल्याकडचा सर्वांत साधा पक्षी. खेड्यात त्याला ढोकरी म्हणतात. बसला की मातकट, उडाला की एकदम पांढराशुभ्र. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1832 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते केलं विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं. हा साइक्स 1817 च्या खडकीच्या लढाईत कंपनी सरकारच्या फौजेत होता. पेशवाई बुडाली, आणि नव्यानं हाती आलेल्या मुलखात काय काय आहे याचा हिशेब सरकारला हवा होता. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं 1824 साली साइक्सला दख्खनचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, जमिनीचा कस कसा, हे मोजण्याचं काम. पुढची काही वर्षं तो पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड असा हिंडला आणि माणसांबरोबर त्यानं जनावरं, मासे आणि पक्षीही मोजले. मुळा-मुठेतल्या माशांवरही त्यानं पुढे लिहिलं.

त्याच्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत सुमारे सव्वादोनशे जाती आहेत. अर्थात त्या काळी पक्षी बघणं म्हणजे पक्षी मारणं. बंदूक हीच दुर्बीण. पण त्या यादीमुळे आपल्याला एक मोठी सोय झाली आहे. धरणं, कालवे, रेल्वे यांच्या आधी आपल्या मुलखात काय होतं, ते निदान काही प्रमाणात कळतं.

आम्ही कात्रजच्या बांधावर एका झाडाखाली डबा उघडला. पोळी-भाजी खाता खाता मी तिला साइक्सनं शास्त्राला नव्यानं ओळख करून दिलेल्या पक्ष्यांची नावं सांगितली. वंचक त्यातला एक. तो पाण्याकाठचा. पण बाकीचे? राखी वटवट्या आणि साधा वटवट्या, हे दोघे झुडपांत आणि गवतात राहणारे चिमणीएवढे पक्षी. सातभाईंमधला मोठा राखी सातभाई, ज्याला त्यानं सर जॉन माल्कम या पुढच्या गव्हर्नराचं नाव दिलं. मुरमाड माळावर राहणारा लावा. आणि डोक्यावर तुरा असलेला, विटकरी रंगाचा छोटा चंडोल. इंग्रजीत तो आजही साइक्सच्याच नावानं ओळखला जातो, आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द आहे 'देवा'.

नातीनं बोटावर मोजलं आणि म्हणाली, "आजोबा, हे तर सगळे माळावरचे."

तेच माझ्या मनात अडलेलं होतं. पण ते तिच्या तोंडून आलं, हे बरं झालं.

दुपारी आम्ही सारसबागेत थांबलो. तिथे पक्षी बघायला कोणी जात नाही, आम्हीही पाय मोकळे करायलाच गेलो. पण ही जागा या गोष्टीत हवीच. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांनी मोठं तळं केलं. मध्ये एक बेट राखलं, त्यावर बाग केली. सवाई माधवरावांच्या काळात, 1784 साली, त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. तो तळ्यातला गणपती. आज तळं गेलं आहे, गणपती आहे, आणि जुनी माणसं अजूनही त्याला तळ्यातलाच म्हणतात. बागेच्या नावात सारस आहे. सारस पक्षी मात्र महाराष्ट्रात आता पार पूर्वेला, गोंदियाच्या भाताच्या खाचरांत आणि त्याच्या आसपास, थोडेसे उरले आहेत.

म्हणजे बघा, तळं माणसानं केलं आणि माणसानंच बुजवलं. सव्वाशे-दीडशे वर्षं तिथे पाणी होतं, तेव्हा त्यावर पाणपक्षी उतरत असतील. पाणी गेलं, तेही गेले. आज तिथे कावळे, साळुंक्या आणि पारवे आहेत, आणि त्यांना भेळेतले कुरमुरे मिळतात. पाण्यावरचे पक्षी हे असे चंचल भाडेकरू असतात. तळं बांधा, ते येतात. बुजवा, ते उठून दुसरीकडे जातात. त्यांना पंख आहेत आणि भोवती पन्नास धरणं आहेत.

चारच्या सुमारास बंडगार्डनला पोचलो. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून इथे मुळा-मुठेवर बंधारा झाला, त्यालाही आता पावणेदोनशे वर्षं होत आली. बंधाऱ्याखाली येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूला नदीकाठचा जो झाडीचा पट्टा आहे, त्याला लोक डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. कायद्यानं त्याला अभयारण्याचा दर्जा नाही. लोकांनी प्रेमानं दिलेलं ते नाव आहे. आता त्याच्या शेजारून मेट्रो जाते आणि नदीकाठ सुधारण्याच्या प्रकल्पावरून वादही चालू आहेत.

इथे मात्र पक्ष्यांची जत्राच होती. शेकाट्यांची मोजदाद मी दीडशेवर सोडून दिली. लाल काटकुळ्या पायांचा हा काळा-पांढरा पक्षी उथळ पाण्यात चोच खुपसत चालतो. हळदीकुंकू बदकं होती. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, म्हणून हे नाव, किती नेमकं! थापट्या बदकं रुंद चोचीनं पाणी गाळत होती. वर घारी घिरट्या घालत होत्या. नातीनं कॅमेरा खाली ठेवलाच नाही. पण वाऱ्याची दिशा बदलली आणि तिनं ओढणी नाकाला लावली.

नदीला वास होता. शहराचं सांडपाणी. आणि शेकाटे इतके का, याचं उत्तरही त्याच वासात आहे. मैलापाणी मिसळलं की पाण्यात शेवाळ माजतं, गाळात किड्यांच्या अळ्यांचा सुकाळ होतो, आणि ज्यांना त्या अळ्या आवडतात ते पक्षी गर्दी करतात. स्वच्छ वाहत्या पाण्यातले मासे धरणारे पक्षी तिथे टिकत नाहीत. पुण्यातल्या नद्यांवरचे पक्षी म्हणजे नदीच्या प्रकृतीचा तक्ता आहे, हे आम्हाला समजावणाऱ्यांत प्रकाश गोळे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी 1982 साली पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी उभी केली. पक्षी किती, यापेक्षा कोणते आले आणि कोणते गेले, हे बघा. आम्हा हौशी मंडळींना हा धडा उशिरा कळला.

पुलावर उभं राहून नातीनं दिवसाची यादी वाचून दाखवली. 61 जाती. एका दिवसात, शहरात राहून. तिला अभिमान वाटला आणि मलाही वाटला. मग मी तिला वहीत एक उलटी यादी करायला लावली. दिवसभरात पाहिलेलं कुठलं पाणी निसर्गानं केलेलं होतं? खडकवासला, 1879. कात्रज, 1750 च्या आसपास. पर्वतीचं तळं, त्याच काळातलं, आता नाही. बंडगार्डनचा बंधारा, पावणेदोनशे वर्षांचा. पाषाणला वेळेअभावी गेलो नाही, पण तो तलावही गणेशखिंडीतल्या गव्हर्नराच्या बंगल्याला पाणी देण्यासाठी बांधलेला. आपण ज्याला पुण्याचा निसर्ग म्हणतो, त्यातलं बहुतेक उभं पाणी कुणातरी पेशव्यानं, दानशूरानं नाहीतर इंजिनिअरनं अडवलेलं आहे.

मग या मुलखाचं मूळचं, कुणीही न बांधलेलं असं काय? डोंगर, नदी आणि माळ.

माळ हा शब्द आपण किती तुच्छतेनं वापरतो! उजाड माळ, ओसाड माळ, माळरानावर टाकणं. सरकारी दप्तरात गवताळ जमिनी पडीक म्हणून नोंदल्या गेल्या. इंग्रजांना सारा न देणारी जमीन पडीक वाटायची, तेव्हापासूनची ही नजर. लोकांना वाटतं की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तोडलं म्हणून माळ झाला, तेव्हा झाडं लावून जुनं जंगल परत आणायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर, पश्चिमेकडे ते खरं असेल. पण घाटाच्या पूर्वेला, पावसाच्या सावलीत, गोष्ट निराळी आहे. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मध्ययुगीन मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या वर्णनांतही उघड्या माळावर, काटेरी झुडपांत वाढणाऱ्या वनस्पती भेटतात. म्हणजे हा माळ आपल्या भाषेतल्या जुन्या ग्रंथांएवढा तरी जुना आहेच. तोडलेल्या जंगलाचा तो उरलासुरला भाग नाही.

आणि या माळाचे पक्षी पाण्यावरच्या पक्ष्यांसारखे भाडेकरू नव्हेत. चंडोल जमिनीवर घरटं करतो. गवताच्या बुडख्याशी, कधी गुराच्या खुरानं झालेल्या खळग्यात. त्याला झाड नको असतं. झाडावर कावळा बसतो, खाटीक बसतो, आणि तिथून त्यांना घरटं दिसतं. माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर दगडासारखी दिसणारी अंडी घालतात. तिथे झाडांची रांग लावली की आपल्याला हिरवं वाटतं, त्यांना मात्र तो दरवाजाला लागलेला टाळा. पुण्याच्या टेकड्यांवर गेल्या काही दशकांत गिरिपुष्पाची लागवड झाली. टेकड्या हिरव्या झाल्या, फिरायला सावली झाली, हे खरं. पण त्या हिरव्यात गवतातले पक्षी कमी कमी होत गेले, हेही तितकंच खरं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण माळढोकाचं. सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते. एवढा मोठा पक्षी गेला, तर मुठीएवढ्या चंडोलाची काय कथा?

इथवर मी दुसऱ्यांबद्दल बोललो. आता स्वतःबद्दल. 1986 साली मी धायरीत प्लॉट घेतला. तेव्हा पुण्यातले मित्र म्हणाले, "इतक्या लांब कुठे जंगलात राहायला जातोस?" जंगल नव्हतं, माळ होता. प्लॉट बघायला आलो तेव्हा जमीन दाखवणारे गृहस्थ खुंटी शोधत होते आणि वर हवेत एक पक्षी गात होता. एका जागी पंख फडफडवत, उंच, कितीतरी वेळ. मग तो दगडासारखा खाली आला आणि गवतात नाहीसा झाला. तुरा मला स्पष्ट दिसला. आज जिथे आमचं स्वयंपाकघर आहे, जवळजवळ तिथेच. चौथरा बांधला त्या वर्षी तो शेजारच्या प्लॉटवर गायचा. मग तिथेही घर झालं. 2017 साली धायरीचा उरलेला भागही महापालिकेत आला. तोवर माळ सरकत सरकत डोंगराच्या पायथ्याला जाऊन टेकला होता. सोसायटीमागचा दीड एकर हा त्याचा शेवटचा तुकडा.

तेव्हा मी काही कुणाला दोष द्यायला उभा नाही. माळावर घर बांधणाऱ्यांत मी पहिल्यांपैकी. शाळेत 30 वर्षं पोरांना पेशव्यांची जलव्यवस्था शिकवली, खडकवासल्याची सहल नेली. माळाचा इतिहास असतो, हे मात्र एकदाही सांगितलं नाही. कारण पुस्तकात तो धडा नव्हता.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही परत त्या तुकड्यावर आलो. कडेला ज्यांची पूर्वी जमीन होती, ते शेजारचे मामा शेळ्या घेऊन निघाले होते. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना विचारलं, "मामा, इथे झाडं लावायची म्हणतात. तुमचं काय मत?"

ते म्हणाले, "लावा की सर, तुमची जागा. पण आमच्या वाडवडलांनी हितं कधी नांगर घातला न्हाई. ही चरायची जागा. गुरं चरली म्हंजी गवत नीट ऱ्हातं. झाडंच लावायची असती तर आम्हीच न्हाई का लावली?"

ते गेले. आम्ही एका दगडावर बसून राहिलो. ऊन कलंडलं, गवत सोनेरी झालं. दहा-पंधरा मिनिटांनी नातीनं माझा हात दाबला. पायवाटेच्या कडेला, आमच्यापासून वीस पावलांवर, दोन मातकट पक्षी दाणे टिपत चालले होते. एकानं मान वर केली. डोक्यावर टोकदार तुरा. हिवाळ्यात ते गात नाहीत, फक्त एकदा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आला. सकाळी "इथे फार काही नाही" म्हणणारी माझी नात कॅमेरा उचलायचीही विसरली.

तिनं मोबाइलमधल्या यादीत 62 वी नोंद केली. साइक्सनं 1832 मध्ये जगाला सांगितलेला हा पक्षी 61 पक्ष्यांनंतर आमच्या घराच्या मागच्या दारी सापडला.

रात्री मी कागद बाहेर काढला. सही केली नाही. त्याच्या मागच्या बाजूला मी त्या माळावर वर्षभरात पाहिलेल्या पक्ष्यांची नावं लिहिली. 17 झाली. खाली तीन ओळी लिहिल्या. झाडं जरूर लावा, पण रस्त्याच्या कडेनं आणि इमारतींच्या मध्ये, जिथे सावलीची खरी गरज आहे. बाकं हवीत तर माळाच्या काठावर ठेवा. तळं नको, पाच किलोमीटरवर खडकवासला आहे. आणि मामांच्या शेळ्यांना अडवू नका.

दुसऱ्या आठवड्यात समितीची बैठक झाली. मला बोलावलं होतं. काहीजण नाराज झाले, आणि ते स्वाभाविक आहे. एकजण म्हणाले, "सर, गवत बघायला कोण येणार?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. गवत बघायला माणसाला शिकावं लागतं, मलाही त्यासाठी 40 वर्षं लागली. एका बाईंनी विचारलं, साप निघतात, त्याचं काय? मी म्हटलं, पायवाटा स्वच्छ ठेवू, उजेड ठेवू. शेवटी असं ठरलं की पावसाळा संपेपर्यंत काही करायचं नाही. मेच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना घेऊन मी तिथे सकाळी फिरायचं आणि त्यांना काय दिसतं ते त्यांनी लिहायचं. मग पुन्हा बैठक.

निर्णय काय होईल, ते सांगता येत नाही. कदाचित तळं होईल. त्यावर एखादी टिबुकली येईल आणि लोक टाळ्या वाजवतील. ती टिबुकली मलाही आवडेल. पण तुमच्या घराच्या मागे, गावाच्या कडेला, एखाद्या टेकडीच्या उतारावर अशी मोकळी, पिवळी, कुणाच्याही कामाची नाही अशी वाटणारी जागा असेल, तर तिथे काही लावण्याआधी एकदा फेब्रुवारी-मार्चमधल्या सकाळी जाऊन उभे राहा. वर बघा. तुऱ्याचा एखादा पक्षी गात असेल, तर तो तुमच्या-माझ्या आधीपासून तिथला रहिवासी आहे, एवढं लक्षात ठेवा.